पुण्णाचे उत्तर आणि काळीचा प्रश्न

मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्त आकाराने लहान आहे, परंतु आपल्या विहारांतून ज्या थोड्या सुत्तांची कथा आबालवृद्धांना ठाऊक असते, त्यांत त्याची गणना करावी लागेल. संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गातही हेच संभाषण आले आहे. पुण्ण नावाचा भिक्खू तथागतांकडून संक्षिप्त उपदेश घेतो आणि आपण सुनापरंत जनपदात जाऊन राहणार असल्याचे सांगतो. तेथील लोक चंड व कठोर आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल, असे तथागत विचारतात. हे लोक भले आहेत, कारण ते मला हाताने मारीत नाहीत, असे वाटेल, हे पुण्णाचे उत्तर. हाताने मारले तर? ढेकळांनी मारीत नाहीत म्हणून भले. ढेकळांनी मारले तर दंडाने मारीत नाहीत म्हणून, दंडाने मारले तर शस्त्राने मारीत नाहीत म्हणून, अशी पायरी-पायरीने ही प्रश्नोत्तरे थेट प्राणहरणापर्यंत जातात. अखेरीस तथागत त्याच्या दम आणि उपशम या गुणांची प्रशंसा करून त्याला जाण्याची अनुज्ञा देतात.

महाराष्ट्रातील वाचकाला या सुत्ताविषयी विशेष आपुलकी वाटावी याला कारण आहे. पालि परंपरेने सुनापरंताचा संबंध सुप्पारक बंदराशी जोडला आहे, आणि सुप्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. अट्ठकथेच्या म्हणण्याप्रमाणे पुण्ण हा मूळचा त्याच प्रदेशातील व्यापारी होता. तेव्हा चंड आणि कठोर असे ज्यांचे वर्णन झाले, ते लोक म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची माणसे. हे विशेषण वाचून आम्हांला दरवेळी थोडे हसू येते.

परंतु प्रस्तुत लेखाचे प्रयोजन या आपुलकीत नाही. अलीकडे ही कथा विहाराबाहेर फार फिरू लागली आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, ताणव्यवस्थापनाचे वर्ग, कार्यालयीन प्रशिक्षणे अशा ठिकाणी ती एका ठराविक तात्पर्यासह सांगितली जाते. घटना बदलत नसते, तिच्याविषयीचा आपला विचार बदलता येतो, आणि विचार बदलला की क्रोध व दुःख आपोआप ओसरते, असे ते तात्पर्य. हे तात्पर्य सर्वथा चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धे आहे, आणि हे अर्धेपण कोणाच्या उपयोगी पडते याचा विचार आपण केला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या विचाराकडे आम्ही वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला, आणि त्यात आमची स्वतःची उणीव असल्यामुळे तो येथे सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी योजलेल्या शिबिरात दुसऱ्या सत्रात बौद्ध मानसशास्त्रावर बोलण्यासाठी आम्हांला बोलाविले होते. पहिल्या सत्रात एका लिपिक भगिनीने उठून सांगितले की, त्यांचे एक वरिष्ठ त्यांच्या टेबलाजवळून जाताना रोज त्यांच्या जातीवरून आणि आरक्षणावरून काही तरी बोलतात व हसतात. प्रशिक्षकांनी तत्काळ पुण्णाची कथा सांगितली. आपण त्या बोलण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो यावर सारे अवलंबून आहे, असा त्यावर समारोप केला. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. आम्ही तेथे बसलो होतो, सुत्त आम्हांला पाठ होते, आणि आम्ही काहीही बोललो नाही. चहाच्या वेळी त्या भगिनी आमच्याजवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, पुण्ण त्या लोकांकडे आपण होऊन गेला होता. मला तर इथं रोज कामावर यावंच लागतं.”

पालि न शिकलेल्या त्या भगिनीने सुत्ताचे जे मर्म पकडले, ते आम्ही इतकी वर्षे शिकवीत असूनही कधी नेमके मांडले नव्हते.

आता सुत्ताकडे पाहू. त्यात जे काही घडते ते पुण्णाच्या निर्णयाने घडते. जाण्याचे ठिकाण तो निवडतो. तथागत त्याला तेथे पाठवीत नाहीत. उत्तरे त्याचीच आहेत, आणि ती स्वतःच्या मनाविषयीची आहेत. असे वाटून घे, असे त्याला कोणीही सांगितलेले नाही. मारणाऱ्याने तर ते सांगितलेले नाहीच, आणि मारणाऱ्याच्या वतीने कोणी तिसऱ्यानेही सांगितलेले नाही. शिवाय ही मनाची तयारी कशासाठी आहे हेही सुत्ताच्या शेवटी स्पष्ट होते. पुण्ण सुनापरंतास जातो आणि त्याच वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात प्रतिष्ठित करतो. म्हणजे विचार बदलण्याची ही साधना गप्प राहण्यासाठी योजलेली नव्हती. जेथे जाऊन बोलायचे आहे तेथे भयाने व क्रोधाने जीभ अडखळू नये, यासाठी ती होती. शिबिरातील कथनात हा शेवट बहुधा गाळला जातो. पाचशे उपासक सांगितले की कथेचा रोख बदलतो, म्हणून कदाचित.

सुत्ताविषयी आमची एक नापसंतीही आहे आणि ती नोंदविली पाहिजे. पायऱ्यांची ही रचना शस्त्रापर्यंत सुरेख चढते. अखेरच्या पायरीवर मात्र ती मोडते. ठार मारले तर काय वाटेल या प्रश्नावर पुण्ण म्हणतो की, देहाला विटून शस्त्र आणून देणाऱ्याचा शोध करणारे भिक्खू असतात. मला तर न शोधताच तो मिळाला. हा संदर्भ वैशालीतील त्या भीषण प्रसंगाकडे नेतो, ज्यात अशुभभावनेच्या अतिरेकाने अनेक भिक्खूंनी स्वतःचे जीवन संपविले वा संपवून घेतले. त्याच प्रसंगानंतर तथागतांनी आनापानसतीचा उपदेश केला आणि मनुष्यवधाविषयीचा पाराजिक नियम घालून दिला. संघाने जो प्रसंग अनर्थ म्हणून नोंदविला, त्याचाच आधार घेऊन सांत्वन उभारणे वाङ्मयीन दृष्ट्याही खटकते. खचलेल्या, जिवाला कंटाळलेल्या मनुष्यापुढे ही पायरी तर कधीही ठेवू नये. शिबिरांतून ही कथा सांगणाऱ्यांना हे ठाऊक तरी असते काय, याची आम्हांला शंका आहे.

पाश्चात्त्य मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या विषयात पुष्कळ काम केले आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास, आणि ॲरन बेक यांनी पुढील दशकात, मनुष्याच्या भावना त्याच्या घटनेविषयीच्या समजुतीतून निर्माण होतात या सूत्रावर उपचारपद्धती उभ्या केल्या. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये दाखविले की, भावना उत्पन्न झाल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणे आणि ती उत्पन्न होण्याआधीच प्रसंगाचा अर्थ निराळा लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीने मनाचा क्षोभ खरोखर कमी होतो. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठानसुत्त ज्यांनी वाचले आहे त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. तेथे सांगितलेल्या पाच उपायांत दुसरे निमित्त मनात आणणे हा पहिला आहे, आणि दात दाबून मनाचा निग्रह करणे हा अगदी अखेरचा, इतर सर्व उपाय थकल्यावरचा. सुताराने बारीक पाचरीने मोठी पाचर ठोकून काढावी, ही पहिल्या उपायाची उपमा आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल.

मात्र त्याच मानसशास्त्राने पुढे जे शोधले ते शिबिरांपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. ॲलिसन ट्रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या संकटावर मनुष्याचा इलाज चालत नाही तेथे अर्थ बदलण्याचे कौशल्य विषण्णतेपासून रक्षण करते. पण जेथे इलाज चालण्यासारखा आहे तेथे हेच कौशल्य अधिक विषण्णतेशी निगडित दिसते. ब्रेट फोर्ड आदी संशोधकांनी अमेरिकेतील २०१६ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीनंतर, निकालाने व्यथित झालेल्या मतदारांचा अभ्यास केला. प्रसंगाकडे निराळ्या दृष्टीने पाहणाऱ्यांचे दुःख कमी झाले, आणि त्याबरोबर राजकीय कृतीकडे त्यांचा असलेला कलही कमी झाला. औषध गुणकारी आहे, परंतु कोणत्या रोगावर, हा प्रश्न शिल्लक राहतो. पालि वाङ्मयाला हा प्रश्न सुचला होता काय? आमच्या मते सुचला होता, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ककचूपमसुत्तात आहे.

ककचूपमसुत्त म्हटले की सर्वांना करवत आठवते. दुतोंडी करवतीने चोर अवयव कापू लागले तरी जो मन कलुषित करील तो माझे शासन पाळणारा नव्हे, हा त्यातील प्रसिद्ध भाग. पण करवतीपर्यंत येण्याआधी सुत्तात एक कथा आहे, आणि आमच्या मते तीच त्या सुत्ताचे हृदय आहे. श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक गृहस्वामिनी होती. सौम्य, नम्र, शांत अशी तिची ख्याती होती. तिच्या घरी काळी नावाची दासी होती. दक्ष, उद्योगी, कामात नीटनेटकी. काळीच्या मनात एक दिवस विचार आला. माझ्या धनिणीला आत राग नाहीच, की राग असूनही माझे काम चोख असल्यामुळे तो बाहेर येत नाही? हे पाहिलेच पाहिजे. मग ती दिवस वर आल्यावर उठली. वेदेहिकेने कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या वेळी ती आणखी उशिरा उठली. या वेळी शब्द कठोर झाले. तिसऱ्या वेळी आणखी उशीर झाला, तेव्हा त्या शांत म्हणून गाजलेल्या स्त्रीने दाराचा अडसर उचलून काळीच्या डोक्यात घातला. डोके फुटले. रक्ताने माखलेल्या डोक्यानिशी काळी बाहेर आली आणि सौम्य बाईंचे हे काम पाहा म्हणून तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविले. पुढे वेदेहिकेची अपकीर्ती सर्वत्र पसरली.

ही कथा सांगून तथागत भिक्खूंना काय म्हणतात? जोवर अप्रिय शब्द कानी पडत नाहीत तोवर भिक्खू सौम्य दिसतो. पडल्यावरही तो सौम्य राहिला तरच खरा सौम्य. म्हणजे येथे परीक्षा वेदेहिकेची आहे. काळीने आपला विचार बदलायला हवा होता, असा एक शब्दही सुत्तात नाही. धनिणीने अडसरच मारला, तलवार मारली नाही, म्हणून ती भली, असे म्हणण्याचा उपदेश तिला कोणी करीत नाही. पुण्णाच्या पायऱ्या आणि काळीची जखम एकाच मज्झिमनिकायात आहेत. परंतु पायऱ्या चढण्याचा आग्रह काळीला केलेला नाही. ज्याच्या हाती अडसर आहे त्याच्या मनाची चिकित्सा आधी करावी, हा क्रम सुत्तकाराला ठाऊक होता.

काळीविषयी एवढेच सांगून थांबणे आम्हांला बरे वाटत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या वाङ्मयात एक दासी आपल्या मालकिणीच्या कीर्तीविषयी शंका घेते, ती शंका तपासण्यासाठी एक प्रयोग योजते, तीन वेळा तो करते, त्याची किंमत आपल्या डोक्याने मोजते आणि निष्कर्ष जगापुढे मांडते. भाष्यकारांनी या स्त्रीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथागतांनी मात्र भिक्खुसंघाला शिकविण्यासाठी तिचा प्रयोग जसाच्या तसा स्वीकारला. आणखी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. काळीने शेजाऱ्यांपुढे केलेल्या तक्रारीसाठी पालित जे क्रियापद आले आहे, ते ‘उज्झायति’ याच धातूचे प्रयोजक रूप आहे. विनयपिटक चाळणाऱ्याला हा शब्द पानोपानी भेटतो. लोक कुरकुर करतात, तक्रार करतात, नावे ठेवतात, ती तक्रार तथागतांच्या कानी जाते, चौकशी होते, आणि नियम घालून दिला जातो. विनयाचे कितीतरी नियम असे तक्रारीतून जन्मले आहेत. तक्रार हा मनाचा मळ मानला असता तर विनयपिटक निर्माणच झाले नसते.

कोणी म्हणेल की, विनयातच तक्रारीला दोषही मानले आहे. खरे आहे. संघाने नेमलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध इतरांना चिथावणे हे पाचित्तिय आहे. पण त्या नियमाचा अपवादही तेथेच दिला आहे. तो अधिकारी स्वभावतः छंद, द्वेष, मोह वा भय यांच्या आहारी जाऊन वागत असेल तर तक्रार करणाऱ्यास दोष नाही. कार्यालयीन शिबिरांतून हा अपवाद सांगितला जावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

आता या विवेचनातील मुख्य मुद्द्याकडे येतो. ककचूपमसुत्तात तथागत म्हणतात की, दुसरे लोक तुमच्याशी पाच प्रकारांनी बोलतील. योग्य वेळी किंवा अवेळी, सत्य किंवा असत्य, मृदू किंवा कठोर, हिताचे किंवा अहिताचे, मैत्रचित्ताने किंवा द्वेषाने. कसेही बोलले तरी तुमचे मन बिघडू देऊ नका. ही ऐकणाऱ्याची बाजू झाली. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात आघातवग्ग नावाचा वग्ग आहे. त्यातील चोदनासुत्तात सारिपुत्त सांगतात की, ज्याला दुसऱ्याच्या दोषाबद्दल त्याला जाब विचारायचा आहे, त्याने पाच गोष्टी स्वतःच्या ठायी आणाव्यात. योग्य वेळी बोलावे, सत्य बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे, मैत्रचित्ताने बोलावे. पाचही जोड्या तंतोतंत त्याच आहेत. एकच सूची दोन टोकांनी धरलेली आहे. एका टोकाला ज्याला बोल लागतात तो, दुसऱ्या टोकाला जो जाब विचारतो तो. यांतील एकच टोक शिकविणे म्हणजे दोरीचे दुसरे टोक कापून टाकणे होय.

आणि हा आघातवग्ग आहे, हे विसरू नये. आघात म्हणजे मनात धरलेला राग, डूख. या वग्गाच्या प्रारंभीच आघात दूर करण्याच्या उपायांची दोन सुत्ते आहेत, आणि सहाव्या क्रमांकाच्या निरोधसुत्तानंतर लगेच जाब विचारण्याचे हे सुत्त येते. ज्यांनी हा वग्ग रचला त्यांना मनातील डूख काढणे आणि दोष दाखविणे यांत विरोध वाटला नाही. दोन्ही एकाच पानावर बसण्यासारखी वाटली. चोदनासुत्ताच्या शेवटी तर आणखी एक विधान आहे. ज्याला जाब विचारला गेला आहे त्याने दोन गोष्टींवर स्थिर राहावे, सत्य आणि अकोप. क्षुब्ध न होण्याची अपेक्षा येथे आरोपीकडून आहे! त्या कार्यालयातील वरिष्ठांना हे सुत्त कोणी ऐकवील काय?

मृदू बोलण्याच्या अटीचा गैरवापर होऊ शकतो, हे आम्ही जाणतो. पीडिताने तोंड उघडले की त्याच्या भाषेची परीक्षा सुरू होते, आणि मूळ अपराध बाजूस पडतो, हा आपणां सर्वांचा नेहमीचा अनुभव. येथे अभयराजकुमारसुत्त साहाय्यास येते. तान्ह्या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर रक्त आले तरी तो काढावा लागतो, कारण मुलाविषयी अनुकंपा असते, असे राजकुमार अभय स्वतःच कबूल करतो. त्याचप्रमाणे जे सत्य व हितकर आहे, पण ऐकणाऱ्याला अप्रिय आहे, तेही तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. तेव्हा मृदू याचा अर्थ गोड असा नव्हे. शिवाय चोदनासुत्त हे भिक्खुसंघातील, म्हणजे समान नियम स्वीकारलेल्यांच्या आपसातील व्यवहारासाठी आहे. जेथे एकाच्या हाती दुसऱ्याची उपजीविका आहे, तेथे ते जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे होईल.

आघात दूर करण्याच्या उपायांत सारिपुत्तांनी दिलेल्या उपमा आम्हांला पालि गद्यातील उत्कृष्ट उपमांपैकी वाटतात. ज्याचे वर्तन वाईट पण वाणी चांगली, त्याच्याकडे पांसुकूलिक भिक्खूच्या दृष्टीने पाहावे. रस्त्यावर पडलेली चिंधी तो डाव्या पायाने दाबून धरतो, उजव्याने पसरतो आणि जेवढे चांगले तेवढे फाडून घेऊन जातो. ज्याची वाणी वाईट पण वर्तन चांगले, तो शेवाळलेल्या तळ्यासारखा. तहानलेल्याने शेवाळ हातांनी दूर करून पाणी प्यावे. ज्याचे दोन्ही वाईट, पण कधीमधी मनाला निर्मळता येते, तो गाईच्या खुरात साचलेल्या पाण्यासारखा; ओणवे होऊन तोंडानेच प्यावे लागते, नाहीतर ते गढूळ होईल. आणि ज्याचे काहीच चांगले नाही, तो दोन्ही गावांपासून दूर रस्त्यात पडलेल्या एकाकी रोग्यासारखा. त्याच्याविषयी करुणाच यावी. या उपमांचे वैशिष्ट्य असे की, चिंधी घाण नाही असे कोठेही म्हटलेले नाही. शेवाळ हे शेवाळच राहते. विचार बदलतो, पण तो वस्तुस्थितीला खोटे पाडून बदलत नाही. जे वाईट आहे त्याला वाईट असेच नाव देऊन मग त्यातून काय घेता येईल ते पाहिले जाते. आधुनिक शिबिरांतील सकारात्मक विचारसरणी आणि सारिपुत्तांची पद्धती यांतील अंतर येथे आहे.

एका प्रश्नाचा निकाल लावल्याशिवाय हे विवेचन आंबेडकरी वाचकापुढे ठेवता येणार नाही. विचार बदलण्याच्या उपायांत कर्माचा विचारही येतो. मग आपल्या वाट्याला आलेली अवहेलना ही आपल्याच पूर्वकर्माचे फळ, असे मानून शांत राहावे, असा धम्माचा उपदेश आहे काय? आघातवग्गाच्या पहिल्याच सुत्तात पाचवा उपाय म्हणून कर्माचे चिंतन सांगितले आहे. पण ते कोणाच्या कर्माचे? ज्याच्याविषयी राग आला आहे त्याच्या. हा मनुष्य आपल्या कर्माचा स्वामी आहे, जे करील त्याचा वारस होईल, असे चिंतावयाचे आहे. अपमान सोसणाऱ्याचे पूर्वजन्म तेथे उकरलेले नाहीत. वेदनासंयुत्तातील सीवकसुत्त तर याहून स्पष्ट आहे. मनुष्याला जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, या मताला तथागत तेथे अनुभवाला आणि लोकमान्य सत्याला सोडून जाणारे म्हणतात. वेदनांची आठ कारणे ते मोजतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, आणि मग ‘ओपक्कमिक’, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या आघातापासून झालेली. कर्मविपाक हे त्यानंतरचे आठवे कारण. मार लागल्याची वेदना आणि कर्मविपाकाची वेदना हे दोन वेगळे रकाने आहेत. काळीचे डोके अडसराने फुटले, पूर्वजन्माने नव्हे.

अंगुलिमालाचे उदाहरण याविरुद्ध दिले जाईल. प्रव्रज्येनंतर लोकांनी दगडधोंडे मारून त्याला रक्तबंबाळ केले, तेव्हा हे तुझ्याच कर्माचे फळ, सहन कर, असे तथागतांनी त्याला सांगितले. सांगितले, हे खरे. पण अंगुलिमालाची कर्मे याच जन्मातील, सर्वांनी पाहिलेली होती, आणि मारणारे लोक त्याच्या बळींचे आप्त असण्याचाच संभव अधिक. त्या उपदेशाचा विस्तार करून तो निरपराध्याला लागू करण्याचा अधिकार सुत्ताने कोणाला दिलेला नाही.

विसुद्धिमग्गाच्या नवव्या परिच्छेदात बुद्धघोषांनी हे सर्व उपाय एकत्र गुंफले आहेत. धर्मानंद कोसंबींनी परिश्रमाने संपादित केलेल्या या ग्रंथाचा हा भाग साधकाने अवश्य वाचावा. तथापि त्यात जातककथांतील बोधिसत्त्वांच्या सहनशीलतेची जी लांबलचक माळ येते, तिच्यात आम्हांला थोडा अतिरेक दिसतो. आदर्श इतके उंच जातात की, वाचणाऱ्याला आपल्या साध्या रागाचीच लाज वाटू लागते. मात्र बुद्धघोषांचा प्रामाणिकपणा असा की, केसापासून नखापर्यंत देहाचे विभाजन करून, नक्की कोणावर रागावला आहेस, हे स्वतःला विचारूनही राग गेला नाही तर काय, हाही प्रश्न ते घेतात. तेव्हा ते म्हणतात, आता काही देवघेव करा. त्याला काही द्या, किंवा त्याच्याकडून काही घ्या. चित्तलपर्वतावरील एका भिक्षाजीवी भिक्खूला एका थेराने तीनदा जागेवरून उठविले होते; त्या भिक्खूने आपल्या आईकडून मिळालेले आठ कहापणांचे पात्र त्याच थेराला दिले, ही कथा तेथेच आहे. केवळ विचाराने भागत नाही, कधीतरी दोन माणसांतील व्यवहारच बदलावा लागतो, ही कबुली इतक्या मोठ्या आचार्याने दिली, याचे मोल आम्ही मोठे मानतो. फक्त एक शंका उरते. ज्याला उठविले गेले त्यानेच द्यायचे, आणि उठविणाऱ्याने घ्यायचे, असे का व्हावे?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारले होते की, दुःखाचे परंपरागत विवेचन धम्माला निराशावादी ठरवीत नाही काय. त्या प्रश्नामागील व्यथा हीच आहे असे आम्हांला वाटते. दुःख केवळ चित्तात आहे असे म्हटले की ते देणारा मोकळा सुटतो. त्यांचे स्वतःचे वर्तन मात्र चित्ताच्या संयमालाही कमी लेखणारे नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा संतप्त झालेल्या अनुयायांना त्यांनी प्रतिहल्ल्यापासून रोखले. आघात आवरला गेला. जाब विचारणे मात्र थांबले नाही. तळ्याच्या हक्काचा दावा कनिष्ठ न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १९३७ साली त्याचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे एवढा दीर्घ काळ एखादी मागणी लावून धरणे हे क्रोधाच्या बळावर होत नाही. क्रोध इतका टिकत नाही. पुण्णाचे उत्तर आणि काळीचा प्रश्न एका माणसाच्या ठायी एकत्र आले म्हणजे कसे दिसतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आमच्या पालि वर्गात पुण्णोवादसुत्त आजवर एकटेच शिकविले जात असे. गेल्या वर्षावासापासून आम्ही क्रम बदलला आहे. प्रथम ककचूपमसुत्तातील काळीची कथा, मग आघातवग्गातील तीन सुत्ते, मग सीवकसुत्त, आणि शेवटी पुण्ण. पहिल्याच दिवशी एका उपासिकेने विचारले की, काळीचे पुढे काय झाले? सुत्तात ते नाही. शेजाऱ्यांना जखम दाखवून ती जी बाहेर आली, ती परत घरात गेल्याचे सुत्तकाराने लिहिलेले नाही.